निर्दोष माणसाला जन्मठेप होऊ शकते का? आणि झाली असेल तर घरच्यांनी काय करावं?

होऊ शकते. झालेली आहे, आणि तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम होऊन.

तुम्ही लिहिलंय की मोहोळ तालुक्यातल्या तुमच्या ओळखीच्या एका ऊसतोड मजुराला खुनाच्या गुन्ह्यात सोलापूरच्या सेशन कोर्टाने जन्मठेप दिली. गावात कुणालाच हे पटत नाही. "पण एवढे साक्षीदार, एवढे पंचनामे, वर न्यायाधीश, सगळेच कसे चुकतील?" असं तुमचं विचारणं आहे, आणि घरच्यांनी आता काय करायचं हेही. मी सोलापुरातच फौजदारी वकिली करतो, मोफत वकिलांच्या यादीवरची कामंही बरीच केली आहेत. त्या मजुराबद्दल मी काही ठरवून सांगणार नाही, कारण त्याचे कागद मी पाहिलेले नाहीत. गावाला काय वाटतं याला अपिलात किंमत नसते, तिथे कागदच बोलतात. म्हणून पुढे जे लिहितोय ते सगळं कागदांबद्दलच आहे.

सगळ्यांनी चुकायची गरज नसते. तपासाच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत एखादा कागद खोटा झाला किंवा दाबला गेला, की पुढचा प्रत्येक जण त्याच कागदांवर भिस्त ठेवून आपापलं काम करतो. सरकारी वकील, सेशन जज, उच्च न्यायालय, कुणीही वाईट हेतूने वागलेलं नसतं, तरी माणूस फासापर्यंत जातो.

महाराष्ट्रातलंच प्रकरण सांगतो. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतावर राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाले. अंगावर काटा येईल असा गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना त्यात पकडलं. २००६ साली सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला, अपील नव्याने ऐकलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. तुरुंगात सोळा वर्षं गेली होती.

यात कोणता कागद दडला होता? हल्ल्यातून जखमी होऊन वाचलेल्या बाईंनी घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार चेहरे ओळखले होते. ते चौघे वेगळेच होते, या सहांपैकी कुणीही नव्हते. त्या चौघांचा तपासच पुढे नेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सहांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायलाही सांगितलं. मला यात सगळ्यांत जास्त लागतं ते त्या बाईंचं. घरची माणसं गेली, त्यांनी धीर धरून चेहरे ओळखले, आणि खऱ्या गुन्हेगारांना हात न लावता व्यवस्थेने त्या बाईंना सोळा वर्षं खोटं समाधान दिलं. निर्दोषाला शिक्षा होते तेव्हा मेलेल्याच्या घरच्यांचीही फसवणूक होते, ही गोष्ट गावात पीडिताच्या घराबद्दल बोलताना लक्षात ठेवा.

आता आपल्याकडच्या रोजच्या फायलींकडे या. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २७ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसलेल्या खुनाच्या खटल्यांत बहुतेक सगळा डोलारा याच सापडलेल्या वस्तूवर उभा असतो.

माझ्याकडे आलेली एक फाईल सांगतो, ओळख पटणार नाही इतपतच. अक्कलकोटकडचा शेतमजूर, घरात कन्नड बोलणारा, मराठी बाजारापुरती. निवेदन पंचनाम्यात त्याच्या तोंडचं म्हणून लिहिलेलं वाक्य असं: "सदर गुन्ह्यात वापरलेला कोयता मी ज्या ठिकाणी लपवून ठेवला आहे ते ठिकाण दाखवतो व कोयता काढून देतो." हा माणूस जन्मात कधी "सदर" म्हणाला नसेल. दुभाष्याचा उल्लेख नाही. खाली अंगठा. कोयता निघाला ओढ्याकाठच्या बाभळीखालून, जिथून रोज गावाची शेरडं जातात. दोन पंचांपैकी एकाची टपरी पोलीस ठाण्याच्या दारात, आणि तो दुसऱ्या एका गुन्ह्यातही पंच. जप्ती पंचनाम्यात कोयत्याला सील केल्याचं एक अक्षर नाही. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणतो, मानवी रक्त, रक्तगट अनिर्णायक. म्हणजे ते रक्त मयताचं होतं हे कुठेच सिद्ध झालेलं नव्हतं. तरीही निकालात "आरोपीच्या निवेदनावरून रक्ताने माखलेले हत्यार हस्तगत झाले" एवढं एक वाक्य आलं आणि जन्मठेप झाली.

खालच्या कोर्टात त्याच्या बाजूने झालेला पंचाचा उलटतपास मी वाचला, तेव्हा फार राग आला. "असे म्हणणे खोटे आहे की, पंचनामा पोलीस ठाण्यात बसून तयार केला. असे म्हणणे खोटे आहे की, मी खोटी साक्ष देत आहे." म्हणजे वकिलाने नुसते आरोप सुचवले आणि पंचाने ते नाकारले. संपलं. टपरी कुठे आहे, आधी कितीदा पंच झालात, सील कुणी लावलं, जागा कुणालाही दिसणारी होती का, यातलं काही विचारलंच नाही. जे खालच्या कोर्टात विचारलं नाही ते वरच्या कोर्टात बसून विचारता येत नाही, तो साक्षीदार पुन्हा सहसा येत नाही. तो मजूर उच्च न्यायालयातून सुटला खरा, पण सुटेपर्यंत त्याची आई वारली होती.

मोफत वकील म्हणजे वाईट वकील असं अजिबात नाही, जीव तोडून काम करणारे कितीतरी सहकारी मला माहीत आहेत. पण फाईल आज हातात देऊन उद्या साक्षीदार तपासायला लावणं हा अन्याय आहे. मध्य प्रदेशातल्या खंडव्याला २०१३ साली एका तरुणाचा खटला दोन आठवड्यांच्या आत उरकून त्याला फाशी दिली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला परत पाठवला आणि सांगितलं, की फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीला किमान सात दिवस मिळायला हवेत. फेरखटल्यात, २०२४ मध्ये, तो तरुण निर्दोष सुटला. घाईत चाललेल्या खटल्याचं कौतुक करणाऱ्या बातम्या वाचतो तेव्हा मला खंडवा आठवतं.

संशय कुणावर आधी जातो, हेही सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या शहरात सेटलमेंट आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींना तारेच्या कुंपणात कोंडून हजेरी घेतली जायची, ती ही जागा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण चोरी-दरोडा झाला की आधी पालावर जायची सवय पुरती गेलेली नाही. देशातल्या तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी होत्या. त्या घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. नाशिकचे ते सहा जण भटक्या जमातीतले होते, हा मला योगायोग वाटत नाही.

आणि चार पुतळ्यांवरून तर आपण रोज जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा. मे १९३० च्या उठावात पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलेले चौघे. खटला झाला, साक्षी झाल्या, अपिलं झाली, सगळं रीतसर. शहराने मात्र त्यांना खुनी कधी मानलं नाही. धनशेट्टींनी तर जमाव शांत करायचा प्रयत्न केला होता, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. तेव्हा "कोर्टाने ठरवलं म्हणजे झालं" असं निदान सोलापुरात तरी कुणी म्हणू नये.

आता तुमच्या माणसाचं. आधी निकालाची तारीख बघा. सेशन कोर्टाच्या जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायची मुदत साठ दिवस आहे. उलटून गेली असली तरी उशीर माफ करून घेता येतो, गरीब आणि तुरुंगातल्या माणसाच्या बाबतीत न्यायालयं सहसा अडून बसत नाहीत, पण अर्जात खरं कारण लिहा. निकालाची प्रत कैद्याला फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे, त्यामुळे मुंबईचे हेलपाटे वाचतील.

मग सगळे कागद गोळा करा. फिर्याद, दोषारोपपत्र, प्रत्येक पंचनामा, साक्षीदारांचे पोलिसांनी घेतलेले जबाब आणि कोर्टातल्या साक्षी, रासायनिक विश्लेषणाचे अहवाल, शवविच्छेदनाचा अहवाल, आरोपीचा शेवटचा जबाब. ते ओळीने वाचा आणि तारखा-वेळा एका वहीत उतरवा. साक्षीदाराचा जबाब घटनेनंतर किती दिवसांनी घेतला? ओळख परेड झाली का, आणि त्याआधी आरोपीला कुणी पाहिलं होतं का? "शेवटचे एकत्र दिसले" म्हणतात ती वेळ आणि मृत्यूची वेळ यांत किती अंतर आहे? तो ऊसतोडीला गेला होता म्हणता, तर मुकादमाची हजेरी, कारखान्याची पावती, मोबाईलचं लोकेशन, यांतलं काही आहे का? खालच्या कोर्टात न आलेला पुरावा अपिलात दाखल करून घेण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. तो सहज वापरला जात नाही, पण खरा कागद असेल तर मागायलाच हवा. गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय अठराच्या आसपास असेल तर शाळेचा दाखलाही काढा, अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर घेता येतो.

खटला नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर असेल तर वकिलांना १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालाबद्दल विचारा. तेही आपल्याच राज्यातलं, फाशी झालेल्या माणसाला सोडणारं प्रकरण. पुराव्याची साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला वाव देणारा एकही वाजवी तर्क उरू नये, हे त्यात पाच कसोट्यांत सांगितलंय, आणि आजही आम्ही सगळे त्यावरच उभे राहतो.

एक गोष्ट मात्र करू नका. कुणा साक्षीदाराला गाठून "आता तू साक्ष बदल" म्हणू नका. तो स्वतंत्र गुन्हा होईल आणि तुमच्या माणसाची उरलीसुरली बाजूही जाईल. आणि कागद वाचल्यावर तो दोषीच आहे असं दिसू लागलं, तर तेही मान्य करायची तयारी ठेवा. प्रत्येक आई मुलाला निर्दोषच म्हणते.

अपिलाला वर्षं लागतात, म्हणून अपिलाबरोबरच शिक्षा स्थगित करून जामीन मागा. पहिल्यांदा नाकारला तरी पुढे पुन्हा मागता येतो.

भरपाईची आशा आज धरू नका. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांत अडकवलेले सहा जण १९९१ मध्ये सुटले, त्यांचीही सोळा वर्षं गेली होती. तिथे पुढे अशी प्रकरणं पुन्हा तपासायला स्वतंत्र आयोग नेमला गेला, १९९७ पासून तो काम करतो. आपल्याकडे विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल देऊन चुकीच्या खटल्यांतल्या माणसांना भरपाईचा कायदेशीर हक्क द्यावा असं सुचवलं. तसा कायदा अजून झालेला नाही, आणि तो व्हायला हवा हे मी बोलायला मिळेल तिथे बोलतो.

शेवटचं, आणि घरच्यांना आजच सांगा: "वरच्या कोर्टात माझी ओळख आहे" म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, आणि त्यासाठी शेत विकू नका. कैदेत असलेल्या माणसाला अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय इथे जिल्हा न्यायालयातच आहे, फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना निकालाची प्रत आणि त्याचा कैदी क्रमांक जवळ ठेवा.