आम्ही ख्रिस्ती आहोत, मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याचं इन्स्टाग्राम बंद करावं की श्रद्धेला धरून वापरायला शिकवावं?

बंद करू नका. बंद केलंत तर तो मित्राच्या फोनवर दुसरं अकाउंट उघडेल आणि ते तुम्हाला कधीच दिसणार नाही. आमच्याकडे चर्चमध्ये दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, वर्गात येणाऱ्या कितीतरी मुलांची अशी दोन अकाउंट्स आहेत. एक घरच्यांना दाखवायचं, त्यावर नाताळचा गोठा आणि आजीचा वाढदिवस. दुसरं खरं.

तुम्ही लिहिलंय की बायबलचं ॲप टाकून दिलं, रोज एक वचन स्टेटसला ठेवायला लावलं, तरी फरक पडत नाही. पडणारही नाही. स्टेटसला वचन ठेवायला काहीच लागत नाही. मुलाची श्रद्धा कुठवर पोचली आहे ते त्याला कोणी शिवी घातली की कळतं. हे मी माझ्या घरात पाहिलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही वसईचे. लेक नववीत होती. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावरच्या राखेच्या क्रुसासकट तिने मैत्रिणींबरोबर एक रील टाकली. रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत खाली कमेंट्स सुरू झाल्या. ‘राइस बॅग.’ ‘गोणीभर तांदळासाठी बाप विकला.’ नावं खोटी, फोटो कोणाचे तरी. तिला आधी अर्थच लागेना. तिने गूगलवर शोधलं, आणि ‘तांदळासाठी धर्म बदललेले’ म्हणून आपल्याला हिणवतायत हे समजल्यावर मात्र पोरगी पेटली. पांघरुणात तोंड खुपसून एकेकाला उत्तरं देत बसली आणि त्या भरात एकाच्या देवाबद्दल नको ते लिहून गेली.

सकाळी त्या एका वाक्याचा स्क्रीनशॉट आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. वरच्या शिव्या नेमक्या कापलेल्या. टाकणारे आमच्यातलेच एक ज्येष्ठ, नात्याने माझे काका. सोबत लिहिलेलं, ‘ख्रिस्ती मुलीला हे शोभतं का? दुसरा गाल पुढे करायला घरी शिकवलं नाही?’ त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. पुढच्या बैठकीत त्यांनी मागणी केली की दृढीकरण घेणाऱ्या मुलांनी अकाउंट बंद केल्याचं लिहून द्यावं.

लेकीच्या त्या वाक्याची बाजू मी तेव्हाही घेतली नाही, आजही घेणार नाही. ते तिला पुसायला लावलं. समोरच्या इमारतीतल्या तिच्या वर्गमैत्रिणीने ते वाचलं होतं, तिच्याकडे मी तिला माफी मागायला पाठवलं. दोघी जिन्यात बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

पण काकांचं मला आजही पटलेलं नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायात प्रभू येशूने क्रम घालून दिलाय. भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात गाठ. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे. तरीही ऐकलं नाही, तर मंडळीला सांग. इथे सगळ्या मंडळीला आधी कळलं आणि मुलीशी एकांतात कोणी बोललंच नाही. राहिला दुसरा गाल. योहानाच्या १८व्या अध्यायात प्रमुख याजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू त्याला विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? तो त्याला शिवी देत नाही आणि मान खाली घालून गप्पही बसत नाही. मुलांना कमेंट कशी लिहायची ते शिकवायला एवढा एक प्रसंग पुरे आहे. मी हे काकांना त्यांच्या ओटीवर बसून सांगितलं, तर म्हणाले, ‘आता बायका आम्हाला बायबल शिकवणार.’

दुसरी गोष्ट, उत्तर द्यायचं तर मुलाला स्वतःबद्दल काही माहीत हवं. माझ्या सासऱ्यांनी त्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर (प्रार्थनाविधीनंतर) नातीला जवळ बसवलं. म्हणाले, ‘अगं, भात आपल्या शेतात. आपल्याला तांदूळ कोण देणार?’ मग सगळं सांगितलं. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. धर्मांतरं कशी झाली त्यातलं सगळंच गोड नाही, तेही लपवलं नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीजांचं राज्य गेलं, आणि तरीही आपली माणसं मिस्सेला जात राहिली, मराठीतच जगत राहिली. लेकीने हे तीन ओळींत त्या रीलखाली लिहिलं आणि मग कमेंट्स बंद केल्या. रील काढली नाही. २०१९ साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्यावरून लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. हरित वसईसाठी लढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, तर आपली पोरं कशी सुटतील? त्यांना आधीच तयार करा.

आणि कृपा करून ‘संत कार्लो अकुतिससारखा हो’ एवढंच सांगून थांबू नका. मला तो मनापासून आवडतो. कॉम्प्युटरवर हात बसलेला मुलगा, ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाइट केली, १५व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, २०२५च्या सप्टेंबरमध्ये संत घोषित झाला. पण तो गेला २००६ साली, इन्स्टाग्राम आलं २०१०मध्ये. हजार अनोळखी माणसं फोटोखाली येऊन शिव्या घालतात तेव्हा काय करायचं, हे त्याच्या आयुष्यात सापडणार नाही. त्यापेक्षा व्हॅटिकनने २०२३च्या मे महिन्यात सोशल मीडियावर काढलेलं निवेदन मुलाबरोबर वाचा. ते रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर बेतलंय आणि ऑनलाइन माझा शेजारी कोण, हा प्रश्न त्यात विचारलाय.

आता तुमच्या कामाचं. मुलाची जन्मतारीख खरी टाकलीय का बघा. खरी असेल तर त्याचं टीन अकाउंट होतं: आपोआप प्रायव्हेट, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ वर्षांखालच्यांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पासवर्ड मागू नका, त्याच्या शेजारी बसून रील्स बघा. उपवासकाळात चाळीस दिवस इन्स्टाग्राम सोडायला लावलं तर मुलं ईस्टरच्या दुपारी सगळं भरून काढतात, त्यापेक्षा वर्षभर दर शुक्रवारी बंद ठेवा, तुमच्या फोनसकट. आणि ‘हा संदेश दहा जणांना पाठवा, येशू आशीर्वाद देईल’ आणि पोपच्या नावाची खोटी वाक्यं ढकलणं आधी आपण मोठ्यांनी थांबवायला हवं. मुलं ते बघत असतात.

हे सगळं शिव्या-टोमण्यांपुरतं. कोणी मोठा माणूस त्याला एकट्याला मेसेज करत असेल, फोटो मागत असेल, धमकी देत असेल, तर उत्तर-बित्तर काही नको. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, १०९८वर चाइल्डलाइनला फोन करा, पोलिसांत जा. मूल दिवसेंदिवस झोपत नसेल, शाळा टाळत असेल तर समुपदेशकाकडे न्या, नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. आणि काहीही झालं तरी त्याला ‘तू तिथे गेलासच कशाला’ असं विचारू नका. काकांनी माझ्या लेकीला भर अंगणात तेच विचारलं होतं. आज ती कॉलेजात आहे, युवकांच्या गटात काम करते, पण त्यांच्याशी अजून धड बोलत नाही.