शिबिरात मिळालेली दिव्यांगांची साधने गावात वापरात राहावीत यासाठी गावाने काय करावे?

आपण विचारले आहे की, शिबिरात वाटलेल्या तीनचाकी सायकली आणि कानाची मशीने वर्षभरात अडगळीत का जातात, आणि गाव स्वतःच्या बळावर त्यावर काय करू शकते. मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातला आहे. माझा धाकटा भाऊ लहानपणी पोलिओ झाल्यापासून कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि कुबड्या वापरतो, आणि गेली काही वर्षे आम्ही दोघे गावातील बचत गटाच्या महिलांना सोबत घेऊन हेच काम करत आहोत.

माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिली मागणी नव्या साधनांची करू नये. गावात जे पडून आहे ते आधी पाहावे. आशाताईंबरोबर (गावच्या आरोग्य स्वयंसेविका) आम्ही घरोघर फिरलो तेव्हा एका घरी तीनचाकी कापसाच्या ढिगामागे उभी होती. ट्यूब फुटलेली, साखळी गंजलेली, पण सांगाडा धड होता. दुसऱ्या घरी एका आजींचे कानाचे मशीन स्टीलच्या डब्यात, हळदीकुंकवाच्या पुड्यांशेजारी ठेवलेले होते. “ते नुसतं शिट्ट्या मारतंय,” ही त्यांची तक्रार खरी होती, पण मशीन बिघडलेले नव्हते. कानात बसवायचा साचा सैल असला की मशीनमधून निघालेला आवाज बाहेर पडून पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. कानाचे माप देऊन साचा करून घेतल्यावर शिट्टी थांबली. याच फेरीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे शिबिराला जाणाऱ्यांत पुरुषच अधिक असतात. न्यायला कोणी नाही म्हणून घरात राहिलेल्या बायकांची नावे आम्हाला प्रथमच कळली.

दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे म्हटले तर सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, त्यामुळे दुरुस्ती चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हवी. आमच्याकडे पंक्चरवाला आणि वेल्डर हे दोघेच पुरेसे ठरले. व्हीलचेअरचा ब्रेक थेट टायरवर दाबला जातो, त्यामुळे हवा कमी झाली की ब्रेक लावूनही चाक सरकते आणि खाटेवरून खुर्चीत बसताना माणूस पडतो. हे पंक्चरवाल्याला एकदा दाखवल्यावर तो आता आठवड्याला स्वतःहून हवा तपासतो. कुबडीच्या टोकाची रबरी टोपी झिजली की ओल्या शहाबादी फरशीवर ती हमखास घसरते. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिकट चिखल मडगार्डमध्ये अडकून तीनचाकी जागची हलत नाही, म्हणून सायकलींचे काढतात तसे तिचेही मडगार्ड आम्ही त्या दिवसांत काढून ठेवतो. मात्र कृत्रिम पायाची खोबण (उरलेला पाय जिथे बसतो तो भाग) आणि कॅलिपरची उंची वेल्डरच्या हाती देऊ नये. तिथे अंदाज चालत नाही. चुकीच्या मापामुळे जखम होते, आणि ज्याला पायाची जाणीव कमी आहे त्याला ती लवकर कळतही नाही.

मापावरून आठवले. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत, जी १९८१ पासून चालू आहे, माप घेण्याचे शिबिर आणि वाटपाचे शिबिर वेगवेगळे असते आणि मधे कधी कधी महिने जातात. तेवढ्यात वाढत्या वयाच्या मुलाचे माप बदललेले असते. म्हणून वाटपाच्या दिवशी सही करण्याआधी साधन अंगावर घालून, चालून पाहावे. त्याच कामासाठी पुन्हा मदत मिळण्याची अट एरवी ३ वर्षांची असली तरी १२ वर्षांखालील मुलांसाठी ती १ वर्षाची आहे. आमच्याकडे बऱ्याच पालकांना हे ठाऊकच नव्हते आणि मुले आखूड कॅलिपर घालून फिरत होती.

शिकवण्याच्या बाबतीत वापरणाऱ्याइतका चांगला गुरू नाही. नवी कुबडी मिळालेल्याला माझा भाऊ पायऱ्या चढण्याची रीत एका सकाळी शिकवतो (चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आधी), आणि ती लक्षात राहते, कारण शिकवणारा स्वतः तसाच चालतो.

पैशांचे म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. आमच्याकडे ती थोडी थोडी रोख वाटली जाई आणि सणासुदीला खर्च होई. ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन तिचा काही भाग ट्यूब, रबरी टोप्या आणि कानाच्या मशीनचे सेल यांसाठी वेगळा काढून घेतला. यावर कुरबूर झाली, कारण रोख रक्कम हाती येणे कोणाला नको असते? आपणही तो विषय पहिल्याच सभेत काढू नका. दोनतीन पडीक तीनचाकी रस्त्यावर फिरू लागल्या की मग काढा. आणि सेल एकदम जास्त आणून ठेवू नयेत. कानामागच्या मशीनच्या बटणसेलवरची चिकटपट्टी काढली की आत हवा जाऊन तो वापराविनाही उतरू लागतो. आमच्या पहिल्या पाकिटातल्या सगळ्या पट्ट्या घरातल्या मुलांनी खेळताना काढून टाकल्या होत्या.