त्या शास्त्र्याला कमी लेखू नकोस

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. मेहनत दिसते. पण ‘यहूदी धर्म म्हणजे कोरडे नियम, प्रेम शिकवलं ते येशूनेच’ हे वाक्य खोडून टाक. ते वाचनातून आलेलं नाही, ऐकीव आहे.

मार्ककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या मार्कने लिहिलेल्या येशूचरित्राचा, बारावा अध्याय पुन्हा काढ. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं एक शास्त्री, म्हणजे यहूदी नियमशास्त्राचा जाणकार, विचारतो. येशू दोन सांगतो : देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. पहिली बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली, दुसरी ‘लेवीय’ या पुस्तकातली. दोन्ही मोशेच्याच नियमशास्त्रातल्या. त्यावर शास्त्री मनापासून दाद देतो, हे होमयज्ञांहून मोठं आहे म्हणतो. येशू त्याला सांगतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. एकाच शास्त्रावर वाढलेल्या दोघांचं हे एकमत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र हाच प्रश्न परीक्षा पाहायला आलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, विचारतो आणि ती दाद गळून जाते. ख्रिस्ती मंडळी आणि परूशी यांच्यात पुढे वाढलेला ताण मला इथे दिसतो.

मग कुमरानकडे वळ. मृत समुद्राकाठच्या त्या गुहांत 1947 पासून ज्या गुंडाळ्या मिळाल्या, त्यांत येशूच्या आधीचा एक हिब्रू तुकडा आहे. देव आंधळ्यांना दृष्टी देईल, मेलेल्यांना जिवंत करील, दीनांना सुवार्ता सांगेल, अशी आशा त्यात आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला येशू जो निरोप धाडतो, त्यातही हेच! दोन्हींत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा एकसष्टावा अध्याय घुमतो; पण त्यात मेलेल्यांचा उल्लेख नाही, या दोन्हीकडे आहे. म्हणजे ही आशा त्या काळच्या यहूदी लोकांत आधीच रुजलेली होती.

एक सावधगिरी बाळग. मिश्ना, म्हणजे यहूदी गुरूंच्या मौखिक नियमांचा संग्रह, संकलित झाली ती इ.स. 200 च्या सुमारास. तिच्यातलं प्रत्येक मत येशूच्या काळावर लादू नकोस. आणि इ.स. 70 साली यरुशलेमचं मंदिर पडलं नि दोन्ही धर्म वेगळे झाले, असंही लिहू नकोस. 386-87 मध्ये सीरियातल्या अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम हा ख्रिस्ती धर्मगुरू व्यासपीठावरून संतापतो, कारण त्याच्या मंडळीतली माणसं अजून यहूदी सणांना सभास्थानात जात होती. त्या प्रवचनांतली भाषा विखारी आहे. तसं स्पष्ट म्हण, झाकू नकोस.

प्रेषित पौलावरचा भाग नव्याने लिही. सुरुवात त्याच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायापासून कर. तिथे तो स्वतःला नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी म्हणवतो. खर्डा झाला की पाठव.

तुझा,
सर