नव्या शहरात कुठला भाग निवडावा? आधी बघा, दिवसभर तिथे राहणार कोण

सोलापूरहून पुण्याला निघालेलं एक कुटुंब. नवऱ्याला हिंजवडीच्या फेज तीनमध्ये नोकरी लागलेली, बायकोची बँकेतली बदली शिवाजीनगरला मंजूर झालेली. मुलगी आठ वर्षांची, तिसरी सेमी-इंग्रजीत. मुलगा साडेतीन वर्षांचा. सोबत सासूबाई, वय ६८, मधुमेह, आणि दोन्ही गुडघे दुखरे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पण आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या त्या बाईंनी, म्हणजे मुलांच्या आईने, विचारलेला प्रश्न अनेक जण याच शब्दांत विचारतात: "चुकीच्या भागात घर घेतलं आणि मुलांची वर्षं वाया गेली तर?"

त्या तीन आठवडे नीट झोपल्या नव्हत्या. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर सोसायट्या बघायच्या आणि सकाळी नवऱ्याशी वाद. नवऱ्याच्या मनात पुनावळ्यातला बावीस मजली टॉवर भरला होता. पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, ऑफिस जवळ. त्यांना हवं होतं कोथरूड, कारण तिथे मामा राहतात आणि वस्ती मुरलेली आहे. दोघांनीही दोन्ही जागा रविवारी दुपारी पाहिल्या होत्या. रविवारी दुपारी हिंजवडीचा रस्तासुद्धा मोकळा असतो, त्यामुळे त्या फेरीतून काही कळण्यासारखं नव्हतंच.

अशा वेळी भागांची तुलना करायला घेतली की वाद वाढतो. म्हणून पहिल्या बैठकीत भागांची नावं बाजूला ठेवली आणि एका कागदावर पाच रकाने आखले, घरातल्या प्रत्येकाचा एक. उभ्या बाजूला सकाळी सहा ते रात्री दहा असे सोळा तास. कामाच्या दिवशी जो तास घरात किंवा घराच्या आसपास जाणार, तो पेन्सिलीने रंगवायचा. नवऱ्याचे जेमतेम तीन तास रंगले, बायकोचे चार. मुलीचे आठ, धाकट्याचे बारा. आणि आजींचा रकाना वरपासून खालपर्यंत भरला.

तो कागद नवरा बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आईला आपण काही विचारलंच नाही."

पुढच्या बैठकीला आजी आल्या. सोलापुरात त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन, दहाला दारावर भाजी, पाचला ओट्यावर शेजारणी. त्यांच्या मागण्या दोनच होत्या. "भाजीवाला चालत गाठता यावा आणि कुणाशी तरी बोलता यावं. लिफ्ट बंद पडली तर मी वर अडकून पडते, एवढं लक्षात ठेवा." लिफ्टचा विचार तोवर कुणीच केला नव्हता. बाविसाव्या मजल्यावरचं घर गुडघेदुखीच्या माणसाला मोठा खोका होऊन बसतं. महिन्यातून दोनदा लिफ्ट बंद पडली की ती बाई उरलेले दिवसही खाली उतरायला बिचकते. एकटेपणा, चिडचिड, साखर वाढणं हे सगळं मागाहून येतं, आणि ते भागामुळे झालं हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

लहान मुलं असलेल्या घरात भाग निवडताना कमावत्या माणसाचा प्रवास पहिल्या ओळीत येतो, कारण तो मिनिटांत मोजता येतो. घरी राहणाऱ्याचा दिवस मोजायचा कसा हे माहीत नसतं, म्हणून तो सुटतो. आमचा आग्रह असतो की तोही मिनिटांतच मोजावा. आजींच्या चालीने दहा मिनिटं म्हणजे साधारण चार-पाचशे मीटर. तेवढ्यात भाजी, किराणा, औषधाचं दुकान, बसायला सावलीचा बाक आणि एक तरी फॅमिली डॉक्टर हवा. रिक्षाने पंधरा मिनिटांत शाळा, पाळणाघर आणि रात्री उघडं असणारं रुग्णालय हवं. मॉल, थिएटर, नातेवाईक आठवड्यातून एकदाच लागतात. ते तासावर असले तरी चालतं.

आता शाळा. घर आधी घेऊन मग शाळा शोधणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. सीबीएसईच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळांचं जूनमध्ये, आणि चांगल्या शाळांचे प्रवेश त्याच्या कितीतरी महिने आधी उघडतात. जूनमध्ये राहायला जायचं तर जानेवारीत फोन फिरवायला हवेत. या मुलीपुढे आणखी एक पेच होता. पुनावळे-वाकड पट्ट्यात बहुतेक शाळा पूर्ण इंग्रजी माध्यमाच्या. शहर बदलणार, मैत्रिणी सुटणार आणि माध्यमही बदलणार. आठ वर्षांच्या पोरीला एका जूनमध्ये एवढं झेपेल का? आमचं मत स्पष्ट होतं: माध्यम बदलायचंच असेल तर वर्षभर थांबा. आधी शहर पचू दे. नववी-दहावीतल्या मुलांच्या बाबतीत तर फारच जपून. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे थेट दहावीत शाळा बदलणं अवघड जातं.

शाळा बघताना तिचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, विचारून घ्यावा, कारण नव्या वाढत्या पट्ट्यांत मान्यता नसलेल्या शाळाही निघतात. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घेताना त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं स्पेलिंग तिथल्या तिथे जुळवून पाहावं. दाखल्यातली चूक दुरुस्त करायला परत सोलापूर गाठावं लागतं. बसचा प्रवास लहान मुलांसाठी एका बाजूला चाळीस मिनिटांच्या आत असावा. बस रस्त्याच्या कुठल्या बाजूला थांबते हे मात्र स्वतः उभं राहून पाहावं. किलोमीटर कमी असले तरी चौपदरी रस्ता ओलांडायचा असेल तर ते मूल बारा वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाला रोज दोनदा खाली उतरावं लागतं.

पाण्याकडे लोक सर्वांत कमी बघतात, आणि पुण्यात नेमकं तिथेच अडतं. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथे इमारती भराभर उभ्या राहिल्या. नळ मागे राहिला, म्हणून टँकर. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा पाण्याकडेच बोट गेलं. म्हणून सोसायटीत गेल्यावर कार्यालयाआधी वॉचमनला विचारावं, "एप्रिलमध्ये दिवसाला किती टँकर येतात?" तो आकडा सांगतो. मग सूचनाफलकावर टँकरचा खर्च लावलेला असतो, तोही वाचावा. साधा हिशोब असा: शहरी मानकानुसार माणशी १३५ लिटर, म्हणजे पाच माणसांना दिवसाला ६७५. दिवसाआड पाणी असेल तर दोन दिवसांचे साडेतेराशे लिटर सोसायटीची आणि घरातली टाकी मिळून तुमच्या वाट्याला साठायला हवेत. घरात वरची टाकी पाचशे लिटरची असेल तर बाकीचं कुठून येतं हे विचारायचं.

पावसाचंही तसंच. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. २०१९ च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याने एका रात्रीत कितीतरी संसार धुऊन नेले. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. नदी किंवा ओढा जवळ असेल तर ही रेषा कुठून जाते ते विकास आराखड्यावर पाहावं. शिवाय तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावं, "पाणी कुठवर आलं होतं?" तो हात करून भिंतीवर दाखवतो.

हे सगळं लिहून काढल्यावर तीन भाग उरले, आणि प्रत्येकाला तीन भेटी द्यायच्या ठरल्या. कामाच्या दिवशी सकाळी सव्वाआठ, संध्याकाळी साडेसहा, रात्री दहा. सकाळी नवऱ्याने तिथून ऑफिसपर्यंत खरोखर जाऊन पाहायचं. नकाशावरचा अंदाज धरायचा नाही. संध्याकाळी बाईंनी बागेत अर्धा तास बसायचं आणि मुलं मोजायची. सहा ते दहा वयाची मुलं किती, त्यांच्यासोबत आजी-आजोबा आहेत की फक्त मोबाईल बघणाऱ्या मावशी, आणि खेळताना भाषा कुठली. रात्री दहाला दिवे, कुत्री, गाड्यांचा आवाज, आणि औषधाचं दुकान उघडं आहे का.

कोथरूडच्या बाजूने बरंच काही होतं. वनाजहून मेट्रोने बाईंना शिवाजीनगर सोयीचं, मराठी आणि सेमीच्या शाळा हाताशी. पण पहिल्या मजल्यावरचं घर त्यांच्या बजेटमध्ये मिळेना आणि फेज तीन वीस किलोमीटरच्या घरात. पुनावळ्यात नवऱ्याचा प्रवास निम्म्यावर आला असता, पण मुख्य रस्त्याला पदपथ तुटक, आणि संध्याकाळी साडेसहाला सोसायटीबाहेर पायी चालणारं म्हातारं माणूस एकही दिसलं नाही. ही बारीक गोष्ट बाईंनी टिपून आणली होती.

ठरली ती तिसरी, नवी सांगवी. जुनी, तीन मजली सोसायटी, पहिला मजला, तलाव वगैरे काही नाही. औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ, शेजारी पिंपळे गुरवला डायनासोरांची बाग, सेमी-इंग्रजीची शाळा चालत. नवऱ्याला पुनावळ्यापेक्षा प्रत्येक बाजूला पंचवीस मिनिटं जास्त. ती पंचवीस मिनिटं त्याने "सगळ्यांसाठी सोसतोय" असं मनात धरून घेतली असती तर वर्षभरात ती कुठल्या तरी भांडणात बाहेर पडली असती. म्हणून ती बोलून घेतली. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम असं त्याने कंपनीकडून लिहून घेतलं, आणि ऑफिसच्या दिवशी संध्याकाळची कुठलीही घरकामं त्याच्याकडे नाहीत हे घरात ठरलं. घरच्या दोन दिवशी पाळणाघरातून मुलाला आणायचं काम त्याचं.

पाळणाघर निवडताना कॅमेरे किती हे विचारण्यापेक्षा एका मावशीकडे मुलं किती, दुपारी झोपवतात कुठे आणि मुलाला न्यायला अनोळखी माणूस आला तर काय करतात, हे विचारावं. उत्तर द्यायला जिथे अडखळतात, तिथून उठावं.

नव्या शहरात पहिल्या फटक्यात विकत घर घेऊ नये, हे आम्ही जवळजवळ प्रत्येकाला सांगतो. अकरा महिने भाड्याने राहा. करार लिव्ह अँड लायसन्सचा, आणि नोंदणीकृतच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. भाडं २२,००० आणि अनामत ६०,००० धरली तर मुद्रांक शुल्क सहाशे-साडेसहाशे रुपये आणि शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. एवढ्या रकमेसाठी नोटरीवर भागवू नका. लॉक-इन (म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचं, नोटीस किती, रंगकाम कुणाच्या खर्चाने आणि देखभाल शुल्क भाड्यात धरलं आहे का, हे करारात लिहून हवं. या कुटुंबाच्या मसुद्यात लॉक-इन पूर्ण अकरा महिन्यांचं होतं. बोलून ते चारवर आणलं. भाग चुकला तर निघता येईल एवढं कागदावर आल्यावर बाईंना झोप लागली, असं त्यांनीच सांगितलं.

राहायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलगी गप्प झाली. सोमवारी सकाळी पोटात दुखायचं, रविवारी संध्याकाळी रडू यायचं. आईबापांना वाटलं, झालं, भाग चुकला. तसं नव्हतं. ठिकाण बदललेल्या मुलांत पहिले सहा-आठ आठवडे हे दिसतं. डॉक्टरांनी पोट तपासून काही नाही म्हटल्यावर आम्ही तीन गोष्टी सुचवल्या. तिला लावलेले दोन क्लास तूर्त बंद. रोज त्याच वेळी, त्याच बागेत, तासभर. मुलांना तेच चेहरे रोज दिसल्याशिवाय मैत्री होत नाही. आणि सोलापूरच्या मैत्रिणीशी रविवारी व्हिडिओ कॉल, पण सकाळी. संध्याकाळी केला की सोमवार आणखी जड जातो. दर शनिवारी सोलापूरला पळणं मात्र थांबवायला सांगितलं, महिन्यातून एकदा पुरे. दोन महिन्यांनंतरही शाळेला नकार, अंथरूण ओलं करणं किंवा जेवण तुटणं चालू राहिलं असतं, तर बालमानसतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. तशी वेळ आली नाही. पाचव्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मुलीसोबत ती शाळेत चालत जाऊ लागली.

करार संपायच्या दोन महिने आधी त्यांनी तोच पाच रकान्यांचा कागद पुन्हा आखला. या वेळी आजींच्या रकान्यात पेन्सिलीऐवजी नातीने खडू वापरले होते. सकाळी साडेसहा ते साडेसात हिरवा: महादेवाचं देऊळ. साडेदहाला पिवळा: भाजी. संध्याकाळी पाच ते सातचा पट्टा निळा होता, आणि त्यात लिहिलं होतं, "आजी विरंगुळा केंद्रात. फोन उचलत नाही."