शिकागोच्या हॉट डॉगवर केचप का घालत नाहीत? सँडविचवर काय घालायचं याचा काही नियम असतो का?

तुम्ही उन्हाळ्यात मुलांना घेऊन शिकागोला येताय आणि इथे हॉट डॉगवर केचप मागितलं की दुकानदार नाक मुरडतो असं ऐकलंय. ते खरं आहे का आणि त्यामागे काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी याच शहरात राहतो आणि या विषयावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरं आहे. बहुतेक ठिकाणी कुणी काही बोलणार नाही, केचपची बाटली बाजूला ठेवलेली असेल, ज्याने त्याने घ्यावी. पण शिकागोला लागून असलेल्या रिव्हर ग्रोव्ह या उपनगरातलं 'जीन अँड ज्यूड्स' हे 1946 पासूनचं दुकान घ्या. तिथे केचप मिळतच नाही, फ्रेंच फ्राइजसोबतसुद्धा नाही. रांग मात्र कायम असते. अमेरिकेतल्या 'नॅशनल हॉट डॉग अँड सॉसेज कौन्सिल'ने हॉट डॉग खाण्याचे शिष्टाचार ठरवलेत, त्यातही वयाच्या अठरा वर्षांनंतर केचप नको असं म्हटलंय. ओबामा तर आठ वर्षांपर्यंतच सूट देतात.

आता अर्थ काय, ते सांगतो. त्यासाठी शिकागोच्या हॉट डॉगमध्ये काय काय असतं ते नीट बघायला हवं, कारण सगळं उत्तर त्यातच आहे.

वाफेवर मऊ केलेला, वरून खसखस लावलेला बन. त्यात गोमांसाचं सॉसेज, पाण्यात गरम केलेलं. चांगल्या दुकानात त्याला नैसर्गिक आवरण असतं, त्यामुळे दात लागला की टचकन तुटतं. त्यावर पिवळं मस्टर्ड, मग डोळ्यांत भरेल इतकं हिरवंगार गोड रेलिश, म्हणजे मुरवलेल्या काकडीचा बारीक चुरा (हा रंग अर्थातच घातलेला असतो), मग बारीक चिरलेला पांढरा कांदा. एका कडेला टोमॅटोच्या फोडी, दुसऱ्या कडेला खारवलेल्या आंबट काकडीची लांब उभी फोड. वर दोन-तीन 'स्पोर्ट पेपर', म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या मिरच्या. शेवटी सेलरी सॉल्टची चिमूट, म्हणजे सेलरीचं बी दळून मिठात मिसळलेलं. इथले लोक म्हणतात की हा हॉट डॉग बागेतून फरफटत आणलाय.

आता यात केचपची जागा शोधून दाखवा. केचप म्हणजे टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर. टोमॅटो आहे, आणि तो ताजा आहे. व्हिनेगर मस्टर्डमध्ये आहे, काकडीत आहे, मिरच्यांत आहे. गोडवा रेलिशमध्ये आहे. केचप जे देऊ शकतं ते सगळं तिथे आधीच हजर आहे, तेही वेगवेगळ्या घासात वेगवेगळं लागेल अशा रीतीने. वरून केचप ओतलं की काय होतं? एका मोठ्या चमच्यात, म्हणजे 17 ग्रॅममध्ये, 4 ग्रॅम साखर असते. ती सगळ्यावर पसरते. सेलरी सॉल्टचा वास जातो, कांद्याची तिखट झणक जाते, मिरची नुसती गोड-आंबट लागते. चिंच-गुळाची चटणी नेमकी पडलेल्या भेळेवर कुणी टोमॅटो सॉस ओतला तर तुम्हाला जे वाटेल, तेच इथल्या माणसाला वाटतं.

मस्टर्ड का चालतं, तेही सांगतो. हॉट डॉगच्या सॉसेजमध्ये चरबी 30 टक्क्यांपर्यंत असू शकते, अमेरिकन सरकारच्या नियमाची तशी मर्यादाच आहे. एवढ्या चरबीला उतारा हवा तो आंबट आणि जरासा झोंबणारा. पिवळं मस्टर्ड पांढऱ्या मोहरीचं असतं, त्यात व्हिनेगर असतं, आणि तो पिवळा रंग चक्क आपल्या हळदीचा असतो. ते नाकात जात नाही, जिभेवर हलकं झोंबतं आणि प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ करतं. चरबी आणि मीठ यांच्यावर अजून गोडवा चढवला तर तिसऱ्या घासाला जड होतं.

या पदार्थाचा इतिहासही त्याच्या चवीला धरूनच आहे. 1893 च्या शिकागोच्या जागतिक मेळ्यात ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या एमिल रायकल आणि सॅम्युअल लाडानी या ज्यू स्थलांतरितांनी आपली सॉसेजेस विकली, त्यातून 'व्हिएन्ना बीफ' ही कंपनी उभी राहिली. आजही शहरातल्या बहुतेक गाड्यांवर त्यांचंच सॉसेज असतं. ज्यू समाजात डुकराचं मांस वर्ज्य, म्हणून सॉसेज निव्वळ गोमांसाचं. मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार स्थलांतरितांचा. ज्यू, ग्रीक, इटालियन असे सगळे तिथे हातगाड्या लावायचे, आणि भाजी, लोणची, मिरच्या हे सगळं तिथेच मिळायचं. 1929 मध्ये तिथे सुरू झालेलं 'फ्लुकीज' या भरगच्च हॉट डॉगचे जनक आपणच असा दावा करायचं. मंदीच्या काळात पाच सेंटमध्ये ते तो विकायचे. पाच सेंटमध्ये मांस, पाव आणि एवढी भाजी म्हणजे पूर्ण जेवण! या हॉट डॉगबद्दल मला जी माया वाटते ती यामुळे. गरिबांसाठी बनवलेल्या पदार्थात कुणीतरी इतका विचार केला की आज शंभर वर्षं होत आली तरी त्यात काही वाढवावंसं वाटत नाही.

केचप नको यामागे एक गोष्ट तुमच्या कानावर येईल, की पूर्वी शिळ्या मांसाची चव लपवायला केचप वापरायचे म्हणून ते बदनाम झालं. मला हे पटत नाही. मांस लपवायचंच असेल तर मस्टर्ड, कच्चा कांदा आणि मिरच्या काही कमी पडत नाहीत.

2017 च्या जुलैमध्ये हाइन्झ कंपनीने या भांडणात उडी घेतली. त्यांनी आपलंच केचप 'शिकागो डॉग सॉस' असं लेबल लावून बाटल्यांत भरलं आणि इथल्या लोकांना चाखायला दिलं. लोकांना आवडलं, मग सांगितलं की हे केचप आहे. जाहिरात म्हणून युक्ती चांगली होती. पण त्यातून काही सिद्ध झालं असं मी मानत नाही. केचप चवीला वाईट असतं असं इथे कुणी म्हणतच नाही. प्रश्न आहे तो या विशिष्ट हॉट डॉगवर त्याचं काम काय, हा.

आणि म्हणूनच जे लोक हा नियम सगळ्या हॉट डॉगना लावतात, लहान पोरांच्या हातातल्या केचपकडे बघून शेरे मारतात, त्यांच्याशी मी भांडतो. नुसता पाव आणि सॉसेज असेल तर त्यात ना गोडवा आहे ना आंबटपणा. तिथे केचप घातलं तर काहीही बिघडत नाही, उलट काहीतरी मिळतंच. कुणाच्या खाण्याची जाहीर टर उडवणं हा शिष्टाचार नव्हे, मग तो कुठल्याही कौन्सिलने लिहिलेला असो.

त्या कौन्सिलचा एक नियम मात्र मी डोळे झाकून पाळतो: आधी पातळ पदार्थ, मग तुकड्यांचे, मग चीज, शेवटी मीठ-मसाला. आणि सगळं सॉसेजवर घालायचं, सॉसेज आणि पाव यांच्या मधे नाही. घरी करून बघा, कांदा आधी आणि मस्टर्ड नंतर घातलं की निम्मा कांदा ताटात सांडतो.

शिकागोबाहेर गेलात तर उत्तर बदलतं. न्यूयॉर्कच्या गाडीवर मस्टर्ड आणि सावरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, नाहीतर टोमॅटोच्या रसात शिजवलेला कांदा. त्या कांद्यात टोमॅटोचा गोडवा आधीच आहे, म्हणजे केचपला तिथेही काम उरत नाही. डेट्रॉइटमध्ये ग्रीक लोकांनी रुळवलेला 'कोनी': वर राजमा नसलेली खिम्याची चिली, मस्टर्ड, कच्चा कांदा. तिथे 'अमेरिकन' आणि 'लाफायेत' ही दोन कोनी दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत आणि गावातलं प्रत्येक घर एकाच्या बाजूचं असतं. ॲरिझोनातल्या टुसानला बेकनमध्ये गुंडाळलेलं सॉसेज, राजमा आणि चक्क मेयोनेज. इथे शिकागोत मेयोनेज म्हटलं तर लोक केचपपेक्षाही जास्त दचकतील, पण त्या तिखट, कुरकुरीत हॉट डॉगवर ते अगदी बरोबर बसतं.

सँडविचबद्दल थोडक्यात, कारण कसोटी तीच आहे: आत काय कमी आहे? राय ब्रेडवरच्या पास्ट्रामीला मस्टर्डच हवं. ते मांस चरबीचं आणि मसाल्यात मुरवलेलं असतं, मेयोनेजने चरबीवर चरबी होते. बेकन, लेट्यूस आणि टोमॅटोच्या सँडविचचं उलट. बेकन खारट आणि कोरडं, ब्रेड टोस्ट केलेला, म्हणून तिथे मेयोनेजच पाहिजे, ते टोमॅटोच्या रसाशी मिसळून सगळं बांधून ठेवतं. तिथे मस्टर्ड घालणाऱ्यांना मी अडवत नाही, पण मला ते पटत नाही. शिकागोच्या इटालियन बीफवर, म्हणजे गोमांसाच्या पातळ कापांच्या सँडविचवर, जार्डिनेरा, म्हणजे तेलात मुरवलेल्या मिरच्या, सेलरी, गाजर, फ्लॉवर. आपल्या मिक्स भाजीच्या लोणच्यावर वाढलेल्या माणसाला ते पहिल्या घासातच आवडतं. मॅक्सवेल स्ट्रीट पोलिश सॉसेजवर परतलेला कांदा आणि मस्टर्ड, एवढंच.

आता तुमच्या कामाचं. शिकागोचा मूळ हॉट डॉग आणि इटालियन बीफ दोन्ही गोमांसाचे असतात. तुम्हाला ते चालत नसेल तर व्हेज सॉसेज बऱ्याच ठिकाणी मिळतं, वरची सगळी सजावट तशीच घालून. मात्र ते त्याच पाण्यात किंवा त्याच तव्यावर गरम करतात का, हे मागवण्याआधी विचारा, संकोच करू नका. घरी करायचा तर चिकन सॉसेजवर हीच सामग्री छान लागते, फक्त मीठ कमी असेल तर सेलरी सॉल्ट जरा सढळ हाताने घाला.

डेव्हन ॲव्हेन्यूवर आपल्याकडचं वाणसामान घ्यायला तुम्ही जालच. त्याच रस्त्याने पश्चिमेला गेलात की मिलवॉकी ॲव्हेन्यूच्या चौकात 1948 पासूनचं 'सुपरडॉग' आहे, छपरावर दोन मोठे हॉट डॉगचे पुतळे उभे असलेलं. गाडीतच बसून ऑर्डर द्यायची, माणूस खिडकीशी आणून देतो. मुलं खूश होतील. तिथे ताज्या टोमॅटोऐवजी मुरवलेला हिरवा टोमॅटो असतो, म्हणजे परंपरेतही थोडी सूट आहेच.

ऑर्डर देताना नुसतं 'एव्हरीथिंग' म्हणा, त्यात केचप सोडून सगळं येतं. मुलांसाठी साधा मागवा आणि केचप खुशाल द्या. त्यांना तुमच्यातला एक घास चाखायचा असेल तर मिरच्या आधी काढून ठेवा, दिसतात लहान पण पाणी आणायला लावतात.