कमी देणारा ट्यूनर शोध

प्रिय भाचीबाई,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रविवारी पहाटे एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर तुमचा जो अड्डा जमतो, तिथे कोण काय म्हणालं हे तू इतकं रंगवून लिहिलंस की मला घरबसल्या भांडल्याचं समाधान मिळालं. एकाच्या मते डिझेल सेडान म्हणजे बीएमडब्ल्यू ३२०डी, बाकी सगळं झूट. दुसऱ्याने त्यावर ५३०डी काढली. तिसरा बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवर काम करणाऱ्या अल्पिना कंपनीच्या गोष्टी सांगत बसला. आणि शेवटी सगळ्यांचा मोर्चा तुझ्या सेकंडहँड स्कोडा लॉराकडे वळला: रीमॅप करून टाक (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव), ३९० न्यूटन-मीटर टॉर्क काढून देणारा ट्यूनर ओळखीचा आहे, अर्ध्या तासात काम. आता तू विचारतेस, मामा, कुणाकडे जाऊ?

नाव सांगणार नाही. जन्म डिझेलच्या पंप आणि नोझलमध्ये गेला असला तरी लॅपटॉप घेऊन बसणारी आजची पोरं माझ्या पिढीची नाहीत. पण माणूस कसा पारखायचा ते सांगू शकतो, कारण तो प्रकार बदललेला नाही. पूर्वी रोटरी पंपाचा एक स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जायचं, गाडी जास्त ओढायची आणि मागे काळा धूर सोडायची. गिऱ्हाईक खूश. असा स्क्रू फिरवणारे तेव्हाही गल्लोगल्ली होते. किती फिरवायचा नाही हे ज्याला कळायचं, त्याच्याकडे लांबून लोक यायचे.

आधी तुमच्या भांडणातला गोंधळ सोडवू. तुम्ही सगळे टॉर्क आणि पॉवर हे दोन वेगळे संघ असल्यासारखे बोलता. टॉर्क म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे. गणित एकच आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, की मेट्रिक अश्वशक्ती. तुझ्या लॉराचं दोन लिटरचं कॉमन रेल इंजिन १७५० ते २५०० आरपीएममध्ये ३२० न्यूटन-मीटर देतं. म्हणजे २५०० ला हिशोब होतो ११४ अश्वशक्तीचा. कागदावरची १४० येते ४२०० ला, आणि तिथे टॉर्क उतरून साधारण २३४ वर आलेला असतो. म्हणून ही गाडी दोन हजाराला पाठीत धपाटा घालते आणि चार हजाराकडे सरकताना दमल्यासारखी वाटते. दमलेली नसते, टॉर्क खाली आलेला असतो इतकंच.

आता तो ३९० वाला काय करणार? खालचा धपाटा आणखी जोरात मारणार. तू टेस्ट ड्राइव्हला बसशील, दोन हजाराला पाय दाबशील, ‘आई गं’ म्हणशील आणि पैसे देऊन येशील. दाखवायला हेच सगळ्यात सोपं. पण तुझी गाडी डीएसजी आहे, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरपेटीची, आणि त्या सहा गिअरच्या ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचच्या पेटीला, डीक्यू२५० ला, फोक्सवॅगन समूहाने ठरवून दिलेली मर्यादा ३५० न्यूटन-मीटरची आहे. (तुझ्या त्या वेंटोवाल्या मित्राची सात गिअरची डीक्यू२०० तर कोरड्या क्लचची. तिची मर्यादा २५०, आणि त्याचं इंजिन कंपनीतूनच २५० देतं. त्याला सांग, गप्प बस.) मर्यादा ओलांडली म्हणून पेटी दुसऱ्या दिवशी तुटत नाही. बरेच जण वर्षानुवर्षं जास्त टॉर्कवर चालवतात, हेही खरं. पण तुझी गाडी २०१२ ची आहे, आधीच्या मालकाने पेटीचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदललं होतं की नाही याचा कागद तुझ्याकडे नाही, आणि डीएसजी उघडण्याचा खर्च ऐकलास तर तू पुन्हा लोकलने जायला लागशील.

दुसरा रस्ता बघ. समज, ट्यूनरने कमाल टॉर्क ३२० च ठेवला, पण तो २५०० ला सोडून न देता ३५०० पर्यंत धरून ठेवला. गुणाकार कर: १५९ अश्वशक्ती. पेटीवरचा कमाल ताण तोच, आणि गाडी वरच्या आरपीएमला जिवंत. थोडी सूट देऊन ३४० वर थांबला तर आणखी बरं. हे करायला डोकं लागतं. वर जाताना टर्बो किती हवा देऊ शकतो, इंजेक्शन किती वेळ चालू ठेवायचं, एक्झॉस्टची उष्णता कुठे पोचते, हे सगळं बघावं लागतं. डिझेलमध्ये हवेच्या मानाने इंधन वाढलं की उष्णता वाढते, आणि काळा धूर म्हणजे तू पैसे देऊन घेतलेलं, धड न जळलेलं डिझेल. म्हणून ट्यूनरकडे गेलीस की ‘किती देशील’ हे विचारूच नकोस. ‘कुठे थांबशील, आणि तिथेच का’ हे विचार. उत्तर देताना तो डीएसजीचा, उष्णतेचा, धुराची मर्यादा राखणाऱ्या स्मोक लिमिटरचा उल्लेख करतो का ते ऐक. ‘टेन्शन घेऊ नका मॅडम’ म्हणाला तर चहा पिऊन उठ.

अल्पिनावाल्या मित्राशी मात्र माझं जमेल. बवेरियातल्या बुखलोए गावची ही कंपनी १९६५ ची. बुर्कार्ड बोवेनसीपेन यांनी त्याआधी बीएमडब्ल्यू १५०० साठी दोन वेबर कार्ब्युरेटरची जोडणी बनवली होती आणि तिथून सगळं सुरू झालं. १९८३ पासून जर्मनीत त्यांची नोंद गाड्यांचा उत्पादक अशी होती. नुसते ट्यूनर नव्हेत. २०१३ च्या डी३ बायटर्बोचे आकडे बघ: तीन लिटर डिझेल, ३५० अश्वशक्ती, ७०० न्यूटन-मीटर. ती ज्या जातकुळीच्या इंजिनावर उभी आहे, ते बीएमडब्ल्यूच्या स्वतःच्या ३३५डी मध्ये ३१३ अश्वशक्ती आणि ६३० न्यूटन-मीटर देत होतं. फरक ३७ अश्वशक्तींचा. तुमच्या अड्ड्यावर ३७ ला कुणी विचारणार नाही, एवढं तर बॉक्स लावून मिळतं म्हणतील. पण त्या ३७ साठी अल्पिनाने थंड करण्याची व्यवस्था, एक्झॉस्ट, सस्पेन्शन, गिअरबॉक्सचं प्रोग्रॅमिंग, टायर हे सगळं एकत्र बसवलं आणि गाडी वॉरंटीसकट विकली. जबाबदारी घ्यायची असली की माणूस आकडा जपून बोलतो. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने ते नावच विकत घ्यायचं ठरवलं. मोठ्या कंपनीला छोट्या कारखान्याचं नाव हवंसं वाटतं ते उगाच नाही.

आणि कुणी म्हणालं की डिझेल म्हणजे ट्रकचं इंजिन, त्याला १९९८ ची नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत सांग. जिंकली ती डिझेल ३२०डी. वेगात ती सगळ्यांच्या पुढे होती म्हणून नव्हे, तर इंधनासाठी कमी वेळा थांबावं लागलं म्हणून. २००६ मध्ये ऑडीने आर१० टीडीआय घेऊन ल मां जिंकली, तिथेही डिझेल पहिल्यांदाच. मला स्वतःला मात्र २००४ ची ५३५डी जास्त आवडते. एक छोटा टर्बो, एक मोठा, आधी छोटा जागा होतो, मग मोठा हातात घेतो. २७२ अश्वशक्ती, ५६० न्यूटन-मीटर, आणि ऑफिसला जाणाऱ्या साहेबाची गाडी. सुंदर काम.

बॉक्सचा विषय निघालाच आहे. सीएसटी रोडला फिरलीस तर ‘प्लग अँड प्ले’ म्हणून डबी दाखवतील. यातली बरीचशी एकच गोष्ट करतात: इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतात, मग ईसीयू बिचारा दाब वाढवतो. तराजू कमी दाखवतो म्हणून वाण्याने जास्त माल घालावा, तसं. ईसीयूचा स्वतःचा टॉर्कचा हिशोब त्यामुळे खोटा ठरतो, आणि त्याच हिशोबावर डीएसजी आपला क्लच किती दाबायचा ते ठरवते. मॅन्युअल गाडीत एक वेळ चालेल. तुझ्या गाडीत नको.

आता खरं काम, ज्यावर अड्ड्यावर कुणी बोललं नाही. तुझी गाडी अंधेरी ते लोअर परळ चालते. म्हणजे तिचं आयुष्य वीस-पंचवीसच्या वेगात जातं. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोतल्या हलत्या पात्यांवर काजळी बसते आणि ती अडकायला लागतात. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि हवा आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड आतून डांबर फासल्यासारखे होतात. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला बारीक चिरा पडतात. अशा गाडीवर रीमॅप केलास की पहिल्याच घाटात लिंप मोड, म्हणजे गाडी स्वतःला वाचवायला ताकदच कमी करते. मग ट्यूनर म्हणतो गाडी खराब, मेकॅनिक म्हणतो ट्यूनिंग खराब, आणि तू मधे. आधी स्कॅनर लावून लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या नोंदी, काढ: मागितलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला रेल प्रेशर आणि मिळालेला, आणि हवेचं मोजमाप. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, मॅन्युअल मोडला, दीड हजारापासून चार हजारापर्यंत एकच सलग खेच. चौथ्यात चार हजाराला वेग बराच होतो, तेव्हा हे शहरात करू नकोस. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत बसेल तेवढंच तिसऱ्यात कर किंवा सरळ डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर. गाडी चालवणारी तू असशील तर लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर हवा.

बऱ्याचदा काय होतं माहितीये? इंटरकूलरचा एक होज आणि टर्बोची साफसफाई झाली की गाडी मूळच्या १४० ला येते, आणि मालकाला तोच रीमॅप वाटतो.

डायनोचा कागद घेशील तेव्हा एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख माग. चाकावर मोजलेला आकडा आणि हिशोबाने काढलेला इंजिनाचा आकडा यांत भरपूर फरक असतो. शिवाय हवेच्या तापमानाची दुरुस्ती कशी धरली यावरही आकडा फुगतो. मुंबईतल्या मे महिन्यातल्या गॅरेजमध्ये पंखा लहान असेल तर इंटरकूलर तापून तिसरी खेच पहिलीपेक्षा कमी येईल. ती तिसरीच खरी धर.

एक गोष्ट आधीच्या मालकाला फोन करून विचार. तुझं इंजिन ईए१८९ घराण्यातलं, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या २०१५ च्या उत्सर्जन घोटाळ्यातलं. भारतात त्या वेळी समूहाच्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावायचं जाहीर झालं होतं. तुझ्या गाडीचं सॉफ्टवेअर तेव्हा बदललंय का, हे ट्यूनरला माहीत असायला हवं. तो तुझ्या गाडीतली फाइल आधी वाचून घेतो की दुसऱ्या कुठल्या लॉराची तयार फाइल ओततो, हेही त्यातच कळेल. मूळ फाइलची प्रत तुझ्याकडे पेनड्राइव्हवर असलीच पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीत असलेला उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करायचा नाही, आणि २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता रीमॅप केलास तर क्लेमच्या वेळी वाद घालायला त्यांना आयतं कारण मिळेल. हे सगळं माहीत असून करायचं की नाही, ते तू ठरव, तू सज्ञान आहेस. पण ईजीआर बंद करून देतो, बीएस ६ गाडीचा डीपीएफ (काजळी पकडणारा फिल्टर) आतून पोकळ करून देतो, असं म्हणणाऱ्याच्या दारात उभी राहू नकोस. परळच्या पुलाखाली माणसं राहतात, आणि तुझ्या आजीचा दमा तू बघितला आहेस. शिवाय गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं होतील, पुन्हा नोंदणी आणि हरित कर आलाच. त्या वेळी तपासणीला धूर ओकणारी गाडी घेऊन जाऊ नये एवढं बघ. सगळा खर्च ही तारीख डोळ्यासमोर ठेवून कर.

आणि एवढं करून ती गाडी पळवणार कुठे? एक्स्प्रेसवेवर १०० ची मर्यादा आणि डोक्यावर कॅमेरे, कोस्टल रोडला ८०, बोगद्यात त्याहून कमी. सरळ पळवायचीच असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी नावाचा ट्रॅक आहे, ट्रॅक डेचे पैसे भर आणि जा. पण तिथे जाण्याआधी ब्रेक फ्लुइड आणि टायर. खंडाळ्याचा घाट उतरताना पावसात ३४० न्यूटन-मीटर तुझ्या काही कामाचे नाहीत, टायर कामाचे आहेत. मला विचारशील तर वेगवान डिझेलची मजा शंभराच्या आतच आहे: बोरघाट चढताना समोर ट्रक, उजवीकडे जागा झाली, गिअर न पाडता पाय थोडा दाबला आणि गाडी निघाली. गोव्याला जाताना एका टाकीत पोचतेस ते वेगळंच.

तेव्हा क्रम असा: पेटीचं तेल आणि फिल्टर, होज, टर्बो, मग लॉग, मग मला त्या लॉगची फाइल पाठव. मी आणि माझ्याकडचा मुलगा, आम्ही दोघे बघू. त्यानंतर दोन-तीन ट्यूनरना भेट, आणि जो सगळ्यांत कमी आकडा सांगेल त्याच्याकडे जरा जास्त वेळ बस.

आणि त्या ३९० वाल्याला भेटलीस तर एवढंच आठवून मला कळव: गाडी लिफ्टवर न घेताच त्याने आकडा सांगितला, पण डीएसजीचं तेल शेवटचं कधी बदललं, हे त्याने तुला विचारलं होतं का?

तुझा,
मामा