घूस म्हणजे लाच नव्हे, मेर पोखरणारी घूस

प्रश्न असा आला की कुडाळकडच्या एका बाईच्या तोंडून "घुशीन मेर पोखरल्यान" ऐकलं, तर घूस म्हणजे लाच ना, मग ती मेर कशी पोखरेल?

तर इथे हिंदी आडवं आलंय. हिंदीत घूस या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, लाच पण आणि तो मोठा उंदीर पण. मराठीत मात्र लाच ती लाच आणि घूस म्हणजे फक्त जनावर. मेर म्हणजे आपल्याकडे शेताचा बांध. आणि हो, मराठीतला घुसखोर घुसणारा असतो, हिंदीतला घूसखोर लाच खाणारा, या दोघांची अदलाबदल हल्ली बातम्यांतसुद्धा दिसते ते मला खरंच खटकतं.

शब्द स्त्रीलिंगी, ती घूस, अनेक घुशी, घुशीने, घुशीचं. म्हैस-म्हशी होतं तसाच स चा श होतो आणि दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, त्यामुळे 'घूशीने' लिहू नका प्लीज.

आमच्या मळ्यात भात कापणीला आलं की आजोबा पहिले मेरेवरून चालत जायचे, ताज्या भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला की तिथेच थांबायचे, कारण घूस आत गेली की तोंड मातीने बुजवून घेते, भोक असं दिसतच नाही. ते खणलं की आत कुठेतरी लोंब्या रचून ठेवलेल्या, देठाला कुरतडून नीट तोडलेल्या. आम्ही पोरं त्या टोपलीत भरायचो. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधाला मात्र हीच घूस लागली तर भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि ते शेत पुढच्या हंगामालाही नीट पिकत नाही, म्हणून ते वाक्य बोलताना बाईचा आवाज काळजीचा झाला असणार.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की उंदराला आपण मामा केलाय. तो गणपतीचं वाहन, पडलेला दुधाचा दात त्याच्या बिळात टाकून आपण नवा मागतो, आणि संस्कृतात मूषक म्हणजे मुळात चोर (मुष् म्हणजे चोरणे) तरी नैवेद्याला त्याचा वाटा असतोच. घूस त्याच जातकुळीतली पण तिला नातं नाही, कुणी घूसमावशी म्हणत नाही. डोंगर पोखरून उंदीर काढला या म्हणीतसुद्धा उंदीरच, पोखरण्याचं खरं काम करते ती घूस म्हणीत नाहीच.

तेलुगूत मात्र तिला पंदिकोक्कु म्हणतात, पंदि म्हणजे डुक्कर, म्हणजे डुक्करउंदीर. डिवचली की डुकरासारखी गुरगुरते म्हटल्यावर नाव अगदी चपखल. इंग्लिशमधला बँडिकूट याच शब्दावरून आलाय आणि नंतर तो ऑस्ट्रेलियातल्या एका पिशवीवाल्या प्राण्याला चिकटला, ज्याचा घुशीशी काही संबंध नाही.